बहनों और भाइयों... आणि पोपटी



आमच्या पेण-रोह्याकडची थंडी ती किती? पुण्या-नाशिकच्या लोकांना हसू येईल एवढीच. पण तेवढ्या थंडीचंही आम्हाला भारी कौतुक, आणि त्या कौतुकाचं नाव पोपटी. भात कापून झालं की शेतात उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. पौषाच्या आगेमागे शेंगा भरल्या की कुणाच्या तरी खळ्यावर संध्याकाळी चार माणसं जमतात. बाहेरगावच्या भाचे-पुतण्यांसाठी थोडक्यात सांगते. मडक्यात खाली भांबुर्ड्याचा पाला घालायचा, त्यावर वालाच्या शेंगा, जाडं मीठ, ओवा, मधेमधे बटाटे, रताळी, अंडी. वरून पुन्हा पाला कोंबून तोंड बंद करायचं, मडकं जमिनीवर उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा-काटक्या रचून पेटवून द्यायचं. पाण्याचा थेंब घालायचा नाही. शेंगा आपल्याच ओलाव्यावर आणि पाल्याच्या वासावर शिजतात. अर्धा-पाऊण तास लागतो. त्या वेळात करण्यासारखं एकच काम असतं, ते म्हणजे गप्पा!

या लेखात मला त्या गप्पांचा थोडा इतिहास लिहायचा आहे. १९६० च्या दशकात पेणच्या तरुण मुलांच्या पोपटीत, निदान बुधवारच्या पोपटीत, विषय ठरलेला असे: बिनाका गीतमाला. रेडिओ सिलोनवर बुधवारी रात्री ८ ते ९ हा कार्यक्रम लागायचा. साडेसात-पावणेआठला जाळ केला की गाणी वरच्या पायरीवर पोचेपर्यंत शेंगा तयार. घड्याळ बघायची गरजच नव्हती.

पण आपल्या देशातली गाणी ऐकायला आपण सिलोनकडे का कान लावायचो? हे आजच्या मुलांना कोडं वाटतं. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

१९५२ साली बा. वि. केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. माणूस मूळचा पुण्याचा, शास्त्रीय संगीताचा खरा चाहता. सिनेमाच्या गाण्यांनी लोकांची अभिरुची बिघडते असं त्यांचं ठाम मत होतं. सिनेनिर्मात्यांशी वाद झाला आणि आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. केसकरांना नावं ठेवणं सोपं आहे, आमच्या पिढीने भरपूर ठेवलीही. पण न्यायाने बोलायचं तर आकाशवाणीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५२ साली आणि रेडिओ संगीत संमेलन १९५४ साली सुरू झालं ते त्यांच्याच काळात. १ एप्रिल १९५५ ला पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झालं तेव्हाही मंत्री तेच होते. गदिमा आणि बाबूजींची ती ५६ गाणी वर्षभर दर आठवड्याला ऐकताना माणसं रेडिओला हार घालायची असं आमची आई सांगायची. म्हणजे त्यांनी एक दार लावलं, पण दुसरं उघडलंही.

तर लावलेल्या दाराबाहेर उभा होता रेडिओ सिलोन. कोलंबोचं हे केंद्र १६ डिसेंबर १९२५ ला सुरू झालं. दुसऱ्या महायुद्धात माउंटबॅटन यांच्या आग्नेय आशिया कमांडने सैनिकांसाठी तिथे शॉर्टवेव्ह केंद्र चालवलं आणि युद्धानंतर तिथला शक्तिशाली प्रक्षेपक सिलोनच्या पदरात पडला. युद्धासाठी आणलेली सामग्री अशी शेवटी लताबाई, रफी आणि तलतच्या कामी आली!

३ डिसेंबर १९५२, बुधवार. त्या रात्री बिनाका गीतमालेचा पहिला कार्यक्रम लागला. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायचा आणि टेप विमानाने कोलंबोला जायची. निवेदक होते अमीन सयानी. वय वीसला अठरा दिवस कमी. थोरल्या निवेदकांपैकी कुणी हे काम घ्यायला तयार नव्हतं, कारण लिहिणं, बोलणं, पत्रं तपासणं या सगळ्याचे मिळून आठवड्याला २५ रुपये मिळणार होते. सुरुवातीला अर्ध्या तासाचा कार्यक्रम होता. सात गाणी वाजवायची आणि श्रोत्यांनी त्यांचा लोकप्रियतेचा क्रम लावून पाठवायचा, बरोबर उत्तराला बक्षीस. चाळीस-पन्नास पत्रं येतील अशी अपेक्षा होती. पहिल्याच कार्यक्रमाला ९,००० आली, आणि वर्षभरात आठवड्याचा आकडा ६५,००० वर गेला, असं सयानी पुढे अनेक मुलाखतींत सांगत. एवढी पत्रं तपासणार कोण? म्हणून १९५४ पासून स्पर्धा बंद करून तासभराचा कार्यक्रम केला, १६ गाण्यांचा, खालून वर चढत जाणारा. क्रम ठरायचा तो तबकड्यांच्या विक्रीवरून आणि गावोगावच्या श्रोता संघांच्या मतांवरून.

श्रोता संघ हा शब्द आता कुणी वापरत नाही. पाच-दहा रेडिओवेड्यांनी एकत्र यायचं, संघाला नाव द्यायचं आणि आठवड्याला पत्र टाकायचं. बिहारमधल्या (आता झारखंडातल्या) झुमरीतलैया या अभ्रकाच्या गावाचं नाव फर्माइशींमुळेच देशभर झालं. एकमेकांची तोंडं न पाहिलेली माणसं एकमेकांना नावाने, गावाने, आवडीने ओळखायची.

आता आमच्या पेणकडे येते. तेव्हा जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं, रायगड झालं ते १९८१ साली. गाव गणपतीच्या मूर्तींचं, पापड-पोह्यांचं, आणि पश्चिमेला मिठागरं. आमच्या घरी मर्फीचा मोठा रेडिओ आला तेव्हा मी बारा-तेरा वर्षांची असेन. भिंतीला जाळीची एरियल पट्टी. चालू केल्यावर तो तापेपर्यंत वाट बघायची. दरवर्षी पोस्टात जाऊन लायसन्सचे पैसे भरायचे. ज्यांच्या घरी रेडिओ नव्हता ते हॉटेलच्या बाकावर बसून ऐकत. कारखान्यांतून मूर्ती रंगवता रंगवता ऐकणारेही होते. सकाळी जुन्या गाण्यांचा कार्यक्रम शेवटी सैगलच्या गाण्यावर संपला की आठ वाजले, दप्तर उचला, हे शाळेचं घड्याळ. आणि बुधवारची रात्र गीतमालेची.

पेणहून कोलंबो सरळ रेषेत सुमारे दीड हजार किलोमीटर. शॉर्टवेव्हच्या लहरी वरच्या आयनांबरावर आपटून खाली येतात आणि तो थर स्थिर नसतो, म्हणून आवाज लाटेसारखा यायचा आणि जायचा. पुढे मुलांना भूगोल शिकवताना हाच दाखला द्यायची. ऐन मोक्याला, म्हणजे पहिल्या क्रमांकाचं गाणं सांगताना आवाज बुडाला, की घरातले सगळे रेडिओला कान लावून बसायचे आणि कुणी कुणाला हूं की चूं करू द्यायचं नाही.

मी वही ठेवायची. दोनशे पानी, आडव्या रेघांची. क्रमांक, गाणं, सिनेमा, गायक, संगीतकार आणि मागच्या आठवड्यातली जागा. दर बुधवारी सोळा ओळी. १९६४ च्या जून महिन्यात सुरू केली आणि लग्नापर्यंत चालवली. कशासाठी, असं कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

दादा आणि त्याचे मित्र मात्र खळ्यावर जायचे. त्यांच्यातल्या एकाकडे ट्रान्झिस्टर होता, सेल पोस्टकार्डाच्या खर्चासारखे वर्गणीतून. त्या घोळक्यात भटजींचा मुलगा होता, आगरी होते, कुंभाराचा होता (मडकं त्याच्याकडचं), एक मुसलमान मुलगा होता ज्याला उर्दू शब्दांचे अर्थ विचारले जायचे. एरवी ही मुलं एकमेकांच्या घरी पाणी प्यायलाही कचरली असती. एका मडक्यातल्या शेंगा मात्र सगळे खायचे. घरी हे कुणी विचारत नव्हतं आणि कुणी सांगतही नव्हतं.

मुली तिथे नसत. असण्याचा प्रश्नच नव्हता.

१९६६ सालचा वाद मला अजून आठवतो. 'गाईड' की 'सूरज'? त्या वर्षी 'गाईड'ची गाणी घराघरांत होती. बर्मनदांचं संगीत, लता, रफी, किशोर. समोर शंकर-जयकिशनचं 'सूरज'. वर्षअखेरीला गीतमालेचा वार्षिक कार्यक्रम लागला आणि अव्वल आलं रफीने गायलेलं 'सूरज'मधलं गाणं. खळ्यावर रण माजलं! कुठलं गाणं किती आठवडे टिकलं, कधी घसरलं, कुणालाच नक्की आठवेना. मग कुणाचा तरी धाकटा भाऊ अंधारातून धावत आमच्या मागच्या दारी आला. "ताई, तुझी वही मागितलीय."

वही गेली. तासाभराने परत आली ती काजळी लागून, आणि तिच्याबरोबर पाल्यात बांधलेल्या गरम शेंगा. "वहीचं भाडं," म्हणाला. पुढे हा रिवाजच पडला. पोपटी असली की वही जायची आणि भाडं यायचं. मी न पाहिलेल्या जाळाभोवतीचे कितीतरी तंटे माझ्या अक्षराने मिटवले असतील.

तो वाद मात्र मिटला नाही. पुढच्या वर्षी फिल्मफेअर पुरस्कार आले. 'गाईड'ला चित्रपट, दिग्दर्शक, अभिनेता, अभिनेत्री असे चारही मानाचे पुरस्कार, आणि संगीताचा मात्र 'सूरज'ला! दुसरी थंडी त्या भांडणात गेली. मला तेव्हाही वाटायचं आणि आजही वाटतं, की लोकांना काय आवडलं एवढंच यादी सांगते. ते किती काळ आवडेल हे तिला ठाऊक नसतं. 'गाईड'मधलं एकही गाणं त्या वर्षी पहिलं आलं नाही, पण आज साठ वर्षांनी आमच्या घरातली कॉलेजात जाणारी मुलं ती गाणी तोंडपाठ म्हणतात.

फर्माइशीची पत्रं मी लिहायची, कारण अक्षर माझं बरं आणि हिंदी परीक्षांमुळे भाषाही. पण खाली सही दादाच्या नावाची. मुलीचं नाव रेडिओवर घेतलं गेलं आणि ते हॉटेलच्या बाकापर्यंत पोचलं, हे घरी चाललं नसतं. एकदा खरंच आमचं पत्र लागलं. "महाराष्ट्र से, पेण से..." एवढं ऐकू आलं आणि आवाज बुडाला. नाव खरखरीत वाहून गेलं. पण पेण ऐकू आलं होतं! दुसऱ्या दिवशी दादाच्या पाठीवर थापा पडल्या. त्याने सगळ्यांना सांगितलं, की पत्र माझ्या बहिणीनं लिहिलंय. त्या काळात हे चारचौघांत सांगणं ही लहान गोष्ट नव्हती, हे मला पुढे कळत गेलं.

आणि इथे मला सयानींची एक लकब सांगायची आहे. व्यासपीठावरची सगळी माणसं म्हणायची, "भाइयों और बहनों". सयानी म्हणायचे, "बहनों और भाइयों". आधी बहिणी. आज वाचताना क्षुल्लक वाटेल. पण स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर, हातात पोळीचं पीठ असताना, रोज दुसरा नंबर असलेल्या बाईला कुणीतरी दर बुधवारी पहिली हाक मारतंय, हे कानाला कळायचं. आमची आई हिंदी फारशी जाणत नसे, पण तेवढ्या हाकेला हातातलं काम थांबवायची.

हे त्यांच्या घरातूनच आलं असावं असं मला वाटतं. त्यांच्या आई कुलसुम सयानी प्रौढ शिक्षणाचं काम करत. गांधीजींच्या सांगण्यावरून त्या 'रहबर' नावाचं पाक्षिक काढत. भाषा एकच, सोपी हिंदुस्थानी, पण छपाई देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत. नुकतंच वाचायला शिकलेल्यांसाठी. अमीन लहानपणी त्यात मदत करायचे. अवघड शब्द टाळून सगळ्यांना कळेल असं बोलायचं, हे त्यांनी तिथेच गिरवलं. चाळीस वर्षं शाळेतल्या फळ्यासमोर उभं राहिल्यावर सांगते, सोपं बोलणं हे सगळ्यात अवघड शिक्षण आहे.

१९७३ साली लग्न होऊन मी रोह्याला गेले. एसटीने तसं जवळच. वह्या ट्रंकेत घालून नेल्या. सासूबाईंनी त्या बघितल्या, चाळल्या, आणि काही न बोलता दुसऱ्या दिवशी रेडिओ माजघरातून उचलून स्वयंपाकघराजवळच्या कोनाड्यात ठेवला. आयुष्यात मला मिळालेल्या मोठ्या भेटींपैकी ती एक.

आणि माझी पहिली पोपटी? ती १९७७ च्या जानेवारीत, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी. यांच्या शाळेतल्या शिक्षकांनी सहकुटुंब ठरवली होती. तेव्हा आणीबाणी चालू होती. शिक्षकमंडळी शब्द तोलून बोलत. कोण कुठे काय सांगेल याचा नेम नव्हता. जाळाभोवती बसल्यावर बराच वेळ कुणी काही बोलेना. मग विषय निघाला तो गाण्यांचा. मे १९७६ पासून आकाशवाणीवर किशोरकुमारची गाणी बंद होती, त्याने सरकारी कार्यक्रमाला नकार दिला म्हणून. कुणीतरी हळूच म्हणालं, "किशोर बरेच दिवसांत ऐकला नाही." एवढंच. सगळे हसले. मग दुसऱ्या एकाने आठवण काढली, की १९७५ च्या वार्षिक गीतमालेत पहिलं आलं ते 'रोटी कपडा और मकान'मधलं महागाईचं गाणं. ज्या वर्षी बोलायला बंदी आली, त्या वर्षी लोकांनी पहिल्या पायरीवर काय बसवलं, ते सांगायला कुणाचं नाव घ्यावं लागलं नाही. खातरी करायला माझ्याकडे त्या वर्षाची वही नव्हती, लग्नानंतर ती थांबली होती. पण दोन बायका एकदम म्हणाल्या, "बरोबर आहे, आम्ही ऐकलंय." स्वयंपाकघरातून ऐकलेलं, दुसरं काय! त्या रात्री मला कळलं, की वही ठेवणारी मी एकटी नव्हते. बाकीच्यांनी ती डोक्यात ठेवली होती.

तेव्हापासून आमच्या पोपटीत बायका आहेत. त्यानंतर चारच दिवसांत निवडणुका जाहीर झाल्या, मार्चमध्ये सरकार पडलं, किशोर परत आला. पुढचं सगळं तुम्हाला माहीत आहे.

गीतमालेचंही पुढे वय झालं. विविध भारती १९५७ सालीच सुरू झाली होती, १९६७ पासून तिच्यावर जाहिराती आल्या, मग दूरदर्शन आलं. सिलोनचं श्रीलंका झालं. बिनाकाचं सिबाका झालं. १९८९ साली कार्यक्रम विविध भारतीवर आला, म्हणजे ज्या दाराबाहेर जन्मला त्याच दारातून आत आला, आणि १९९४ पर्यंत चालला. आवाज तेव्हा स्वच्छ यायचा. बुडायचा नाही. ते बरंच झालं, पण खरं सांगू? श्वास रोखून बसायचं कारण गेलं. २० फेब्रुवारी २०२४ ला अमीन सयानी गेले. वय ९१. त्या दिवशी पेणहून, रोह्याहून, ठाण्याहून, एक तर शारजाहून फोन आले. सगळे सत्तरीच्या पुढचे. कुणीही "कळलं का?" असं विचारलं नाही. सगळ्यांची सुरुवात एकच, "बहनों और भाइयों..." आणि मग थोडा वेळ कुणी काहीच बोलायचं नाही.

खळ्यावरच्या त्या घोळक्यातले आता चौघे उरले आहेत. दादा २०१९ मध्ये गेला. हल्ली पोपटी रिसॉर्टवर मिळते, मडक्यामागे दर लावलेला असतो. त्यात मला वाईट वाटत नाही, वाल पिकवणाऱ्याला दोन पैसे मिळतात. गाणंही हवं तेव्हा हवं ते मिळतं. फक्त एकाच वेळी, एकाच गाण्यासाठी, अनोळखी माणसांनी मिळून वाट बघायची सोय राहिली नाही. तेवढ्यासाठी आम्ही उरलेले दरवर्षी एक बुधवार ठरवतो. ट्रान्झिस्टर नसतो, वही असते.

गेल्या दिवाळीत भाचीने त्या सगळ्या वह्यांचे फोटो काढून ठेवले. काढताना तिने विचारलं, "आत्या, या रिकाम्या जागा कसल्या?" काही बुधवारी सोळाऐवजी बारा-तेराच ओळी भरलेल्या आहेत आणि पुढे पेन्सिलीने लिहिलंय, 'आवाज गेला'. मार्च-एप्रिलमध्ये परीक्षेमुळे पानंच कोरी. वडील आजारी होते तेव्हाचे सलग पाच बुधवार कोरे. इतिहासाच्या पुस्तकात अशा जागा दिसत नाहीत, वहीत दिसतात.

तर मंडळी, तुमच्यापैकी कुणाच्या आईने, मावशीने, आत्याने अशी वही ठेवली असेल, तर ती रद्दीत घालण्याआधी एकदा उघडून बघा. १९६४ ते १९७३ मधली असेल तर मला जरूर कळवा. माझ्या रिकाम्या ओळींवरची गाणी तुमच्याकडे निघतील. भाडं म्हणून शेंगा पाठवीन, पाल्यात बांधून.